विकत घेणारा एकच

राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास आला की आमगावातलं माझं मोबाइलचं दुकान आठवतं, आणि दवनीवाड्याचा तो तरुण मास्तर. त्याने गावातलीच माणसं घेऊन आमच्या भागातल्या झाडीबोलीत एक सिनेमा केला आणि इंटरनेटवर एका कंपनीच्या साइटवर लावला. "भाड्यानं घेतला तर तीस रुपयांत दोन दिवस, विकत घेतला तर शंभरात कायमचा, काका," तो कौतुकाने सांगे. मी शंभर भरून तो डाउनलोड केला आणि विकत घेतला म्हणजे माझाच झाला, असं समजून येईल त्याच्या मेमरी कार्डात गाण्यांसोबत भरून दिला. महिन्याभरात बांधीत धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बायाही त्यातले संवाद म्हणू लागल्या. मग एक दिवस मास्तर पडलेल्या चेहऱ्याने दुकानात आला. "काका, सारं गाव माझा पिच्चर पाहून राहिलं, अन् कंपनी म्हणते, विकत घेणारा एकच. काऊन असं?" तेव्हा कुठे मला उमगलं. हातात कुणाचं तरी कार्ड होतं, ते मी मुठीत दाबलं. म्हणालो, "बाहेरची कंपनी, बाबू. पैसे खाऊन टाकत असन." त्याला ते पटलं. त्याने कंपनीला चोर म्हणून पत्र लिहिलं, सिनेमा काढून घेतला, आणि पुन्हा दुसरा केलाच नाही. परवा बाजारात भेटला, तर अजूनही त्या कंपनीलाच शिव्या देत होता. म्हणून हे लिहून त्याच्याकडे पाठवतो आहे: मास्तर, कंपनी खरं बोलली होती. तो एकटा विकत घेणारा मी होतो, आणि बाकीच्यांना फुकटात वाटणाराही मीच.