पट्टीवरचं तेल

अंकलनी गाडीचं बॉनेट उघडायचं, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून काढायची, अंगातल्या बनियनला पुसायची, पुन्हा बुडवून बाहेर काढायची आणि उन्हात धरून ओरडायचं, "पिली रं! परत पिली!" आमच्या गावठाणातली सकाळ अशी सुरू व्हायची. बनियनवर पोटापाशी काळा पट्टा कायमचा. त्यांची बायको, आमच्या आंटी, म्हणायच्या, "तेल ती पिते, साबण मी घासते."

सगळं गावठाण या माणसाला अंकलच म्हणायचं, मीही. अंधेरीच्या पूर्वेला, चर्चच्या मागे त्यांचं घर. बापजाद्यांपासून भाताची शेती. ती शेतं कारखान्यांसाठी गेली आणि बदल्यात जे काही हाती पडलं, त्यातून या माणसानं काय घ्यावं? मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी, लाल, दोघांपुरती, बिनछपराची स्पोर्ट्‌स कार!

मी तेव्हा जमिनी वाचवायच्या चळवळीत होतो. पत्रकं लिहायचो, सायक्लोस्टाइल करायचो, नाक्यावर वाटायचो. मोर्च्याच्या पुढे उभा करायला मला जमीन गेलेला शेतकरी हवा होता, आणि आमचा शेतकरी लाल गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. मी तोंडावर बोललो, "अंकल, वाट लावलीत तुम्ही आमच्या चळवळीची."

"का रं? शेत गेलं ना माझं?"

"गेलं. पण गेलेलं दिसायला नको?"

"मग काय करू? फाटकी चड्डी घालून रडत फिरू?"

 मी चिडून विचारलं, निदान बैल तरी का विकलेत? तर म्हणाले, "गवत कुठं राहिलं? हिला गवत लागत नाय."

गवत लागत नव्हतं, तेल लागत होतं. पेट्रोल भरावं तसं तेल. आणि मागे निळा धूर, शेकोटी पेटवल्यासारखा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये आगेरा होता. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. ऑक्टोबरात प्रत्येक शेतकरी घर भाताच्या पेंढ्या आपल्या सजवलेल्या गाडीतून वाजतगाजत चर्चला नेतं आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. शेत गेल्यानंतरच्या पहिल्या आगेराला अंकलनी वसईच्या मेहुण्याकडून पेंढ्या आणल्या, लाल बॉनेटवर बांधल्या आणि मिरवणुकीत घुसले. चढावर गाडीनं असा धूर सोडला की बँडवाल्यांची क्लॅरिनेट खोकायला लागली. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या पंचांनी येऊन सांगितलं, "पुढल्या साली धूर दिसला तर गाडी नको. पेंढी हातात घेऊन पायी या."

"पायी?" अंकल म्हणाले. "आमचं घर आगेराला कधी पायी गेलं नाय." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या माणसाचं शेत गेलेलं दिसलं.

मग सुरू झाला तेल कुठे जातं याचा शोध. अंकलनी तो शेतकऱ्यासारखा केला. पाणी कमी झालं की बांध कुठं फुटलाय ते आधी बघायचं. माझी उरलेली पत्रकं मागून नेली, गाडीखाली अंथरली आणि सकाळी पालथं पडून एकेक तपासलं. थेंब नाही. "बांध शाबूत हाय," म्हणाले. माझ्या त्या पत्रकांचा एवढा बारीक अभ्यास दुसऱ्या कुणी केला नाही.

साकीनाक्याच्या गॅरेजातल्या उस्तादनं आधी पट्टीच बघितली. तेल खुणेच्या कितीतरी वर. "अंकल, ये क्या टंकी है? ज्यादा भरोगे तो ऊपर चढके जलेगाच ना!"

"भात उभं असताना खाचरात पाणी कमी ठेवतात काय?" अंकल त्यालाच विचारत होते.

जास्तीचं तेल काढलं. धूर उतरला. अंकल लहान पोरासारखे खूष. खारदांड्याला गाडी नेऊन बोंबील आणले, सगळ्या गल्लीत वाटले. "झकास ना रं?" मला विचारलं. खरंच झकास होतं.

पण पट्टीवरचं तेल उतरतच राहिलं आणि धूर परतला. उस्तादनं एकेका सिलिंडरचा दाब मोजला, तो कमी. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजला. काटा वर चढला. उस्तादनं पाना खाली ठेवला आणि समजावलं. तेल घातल्यावर दाब वाढला, म्हणजे तेलानं फट बुजवली. म्हणजे फट पिस्टनभोवतीच्या रिंगांपाशीच. रिंगा झिजल्या होत्या, तेल वर चढून जळत होतं. नव्या रिंगा विलायतेत. बाहेरचा माल यायला परमिट हवं, आणि शेत गेलेल्या माणसाला स्पोर्ट्‌स कारसाठी परमिट कोण देणार? इथल्या गाडीच्या रिंगा उस्तादनं घासून बघितल्या. बसल्या नाहीत.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अंकल, मी याच्यावर पत्रक काढतो! जमीन घेताना सरकारला परवानगी लागत नाही, आणि..."

"काढ," ते शांतपणे म्हणाले. "पण पत्रकाच्या रिंगा होतात काय रं?"

आगेराच्या दिवशी आम्ही गाडी ढकलली. इंजिन बंद. चळवळीतली आम्ही पोरं मागून, उस्ताद बाजूनं, अंकल स्टीअरिंगवर कोटटाय घालून ताठ. बॉनेटवर पेंढ्या. चढावर आमचा दम निघाला. बघणारे हसत होते. अंकलनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. चर्चच्या पायऱ्यांशी पोचल्यावर मान न वळवता विचारलं, "धूर झाला?"

"नाही, अंकल."

"मग बरं."

पुढचा आगेरा त्यांना लाभला नाही. आमचे मोर्चे निघत राहिले, कारखाने उभे राहत राहिले. परवा त्या गल्लीतून जाताना आत शिरलो. गाडी अंगणात तशीच, त्या आगेरापासून बंद, सीटवर आंटींची कोंबडी बसलेली. मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली. फडकं दिसेना, म्हणून शर्टालाच पुसली आणि पुन्हा बुडवली.

बॉनेटचा आवाज ऐकून आतून आंटींनी विचारलं, "पिली काय रं?"

मी पट्टी उन्हात धरली. तेल बरोबर खुणेवर होतं.

"नाही, आंटी," मी म्हणालो. "थेंबभर पण नाही."