दाखवायचा हात

"बाही वर कर."

शेठ माईकवरून बोलले. शाळेच्या स्टेजवर मी उभी होते, समोर सतरंजीवर पोरं. मालवणजवळ आमच्या किनाऱ्यावर शेठांचं रिसॉर्ट. मी तिथे खोल्या झाडायची. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम त्यांनीच ठेवलेला. सुईच्या खुणा बघितल्याशिवाय पोरांना पटणार नाही, असं ते सकाळी म्हणाले होते. नशा सुटल्यावर त्यांनी मला कामावर परत घेतलं होतं. नाही कसं म्हणणार?

मी बाही वर केली.

"अजून वर. मागच्यांना दिसू दे."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तोंड फिरवलं. बाईंनी तिची मान धरून पुन्हा माझ्याकडे वळवली.

माझ्या मागे खुर्चीत शेठांचा मुलगा. प्रमुख पाहुणा. पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. पहिली सुई मला त्यानेच टोचली होती. त्या साली माझे बाबा होडीसकट बुडाले. मी जेवत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. तो म्हणाला, ह्याने विसरशील. विसरले. सगळंच विसरले. आईच्या गळ्यातला क्रूससुद्धा विकला.

आम्ही दोघं पकडले गेलो. तो आजारी ठरला. त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, गावात सांगितलं, शिकायला गेला. मी गर्दुल्ली. आईने मला गोव्यात चर्चच्या सिस्टरांच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथे लादीवर डोकं आपटलं, ओकले, सिस्टरांना शिव्या घातल्या, मरू द्या म्हटलं. आई मासळीचा धंदा टाकून व्हरांड्यात बसून राहिली. अशी सुटले मी.

टाळ्या झाल्या. मी शाळेमागच्या नळावर तोंड धुवायला गेले. सुटल्यापासून एवढी तलफ कधी आली नव्हती. तेवढ्यात शेठांचा मुलगा मागून आला. त्याचे डोळे बघूनच कळलं, त्याचं सुटलेलं नाही. त्याने खिशातून पुडी काढली.

"घे गो. नायतरी सगळी तुका गर्दुल्लीच म्हणतत."

मी हात पुढे केला. खोटं कशाला सांगू, केला. पुडी बोटांत आली. एकदाच घ्यावं, हा दिवस तरी पुसला जाईल. पण त्याचा तो शब्द आत रुतला. नायतरी. म्हणजे मी सुटले काय, मेले काय, ह्यांना सारखंच. ह्याच्या बापाला भाषणात दाखवायला हात हवा होता आणि ह्याला सोबत. बरी झालेली मी कोणालाच नको होते.

पुडी नळाखाली धरली. कागद फाटला, सगळं गटारात गेलं. तो शिव्या देत राहिला.

मी ओल्या तोंडानेच ऑफिसात गेले. शेठ मास्तरांबरोबर चहा पीत पुढच्या कार्यक्रमाची शाळा ठरवत होते.

"शेठ, माझो हात परत मिळाचो नाय. दाखवूचो आसलो तर तुमच्याच झिलाचो दाखवा."

शेठांनी कप खाली ठेवला आणि दरवाजाकडे बोट केलं. काम गेलं.

आता आईबरोबर मासळी विकायला बसते. काही गिऱ्हाइकं माझ्या हातचे बांगडे घेत नाहीत. तलफ अजून येते. भर बाजारात येते. अंगावर मुंग्या चढतात. तेव्हा आईचा पदर मुठीत धरून बसते, पोरीसारखी. कधी वाटतं, नाही जमणार, एक दिवस पडेनच.

शेठांचा मुलगा अजून पुड्या वाटतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे. आई म्हणते, गप रव, आपण गरीब माणसां.

उद्या पोलीस ठाण्यात जाऊन मी त्याचं नाव सांगणार आहे. शेठांच्या ओळखी वरपर्यंत आहेत. मलाच आत टाकतील कदाचित. टाकू देत. आत विचारतील तेव्हाही तेच नाव सांगेन.