चिनी छत्रीवरची वशिंडं

देवळीचा पुनाजी सुतार जन्मभर बैल घडवत आला. लाकडाचे, चाकांवर उभे, पोरांनी दोरीने ओढायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरे, तेव्हा गल्लीगल्लीतून त्याचेच बैल खडखडत निघत. पण पोर मोठं झालं की बैल माळ्यावर, नाहीतर चुलीत. आपल्या हातचं काही ऊनपाण्यात उभं राहावं, येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून बघावं, एवढी एकच आस त्याच्या मनात होती.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. चीनच्या दोस्तीच्या गोष्टी तेव्हा चावडीवरही चालत. गावाने तळ्याकाठी बाग केली, आणि बागेचे कारभारी सदाशिवराव कलकत्त्याच्या एका कॅलेंडरवर भाळले. त्यात बागेत बसायची चिनी छत्री होती. वर वळलेल्या कोपऱ्यांचं छप्पर, चंद्रासारखं गोल दार, कोपऱ्याकोपऱ्यावर मिशाळ ड्रॅगन. अशीच हवी, म्हणाले. काम पुनाजीला मिळालं.

छपराचे कोपरे त्याने असे वळवले की वाऱ्याने पदर उचलल्यागत वाटावे. मग ड्रॅगन घेतले. चित्र बघून खवले कोरले, शेपटी वळवली, मिशा काढल्या. पण हाताची सवय जाते कुठे? गळ्याखाली बैलासारखी पोळी लोंबली, खांद्यावर वशिंड उठलं, डोळे निवांत रवंथ करणाऱ्या जनावराचे झाले. चारही वर चढले तेव्हा त्याची बायको पंचफुला खालून बघून पदराआड हसली.

"चीनमंदी बी वखर चालते वाटते," म्हणाली.

सदाशिवरावांना हसू आलं नाही. पोळा झाल्यावर बाग खुली करायला वर्ध्याहून साहेबलोक यायचे होते. वशिंडं आजच्या आज काप, नाहीतर चारही खाली उतरव, असं त्यांनी बजावलं. पुनाजी आरी घेऊन शिडी चढला. पहिल्या वशिंडावर हात ठेवला आणि तिथेच थांबला. समोर तळ्यावर गडी बैल धूत होते. दुसऱ्या दिवशी पोळा होता.

"सदाशिवराव, आज खांदशेकणी हाये," तो वरूनच बोलला. "आज घरोघरी बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावतेत. मी आरी कशी लावू?"

"तो बैल नोहे, ड्रॅगन हाये."

"मंग कापाले काऊन सांगता?"

सदाशिवरावांच्या गोठ्यात स्वतःची जोडी होती. त्यांनी तळ्यावरच्या बैलांकडे एकवार पाहिलं, आणि पोळा सरल्यावर काप म्हणाले. पुनाजीने शब्द दिला.

दिवस कलता तो वाटी घेऊन पुन्हा वर गेला. चारही खांद्यांना तूप-हळद चोळली आणि घरच्या बैलांना सांगतात तसं हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तान्ह्या पोळ्याला पोरांनी आपले बैल बागेतच आणले. सदाशिवरावांची सून सुलोचनाबाई आरतीचं ताट घेऊन आली. पोरांचे बैल ओवाळून झाल्यावर तिने ताट वर, चारही कोपऱ्यांकडे फिरवलं. सासरे बघत होते.

दुसऱ्या सकाळी पुनाजी आरी घेऊन हजर झाला. सदाशिवराव गोल दारात उभे होते.

"कुठी चालला?"

"वशिंडं कापाले. जबान देल्ली होती."

त्यांनी वर पाहिलं. खांदे अजून पिवळेजर्द होते.

"अंगाची हळद तं निघू दे त्यायच्या," म्हणाले. "मंग पाहू."

पुनाजीने शिडी खांद्यावर घेतली. तूप प्यालेल्या सागवानातून हळद कधी निघते, हे त्याने विचारलं नाही, आणि सदाशिवरावांनीही नाही.