बारशाची गोधडी आणि एक सुई

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई उगाच कांगावा करतेय. गॅस बंद केला का म्हणून खालच्या गेटपासून परत येणारी, लिफ्ट मध्येच अडकली की गणपतीला नारळ बोलणारी, अशी मी. त्यात मुलीचं बाळंतपण. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस राहिलेले आणि ते भरायच्या आधीच मोकळी झाली. नात जन्मली ती एवढीशी, हातात घ्यायची भीती वाटावी अशी, आणि थेट काचेच्या पेटीत गेली. ती पेटीत होती तोवर मी तिच्यासाठी सुईत दोरासुद्धा ओवला नाही. बाळ घरी यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, अशी आमच्याकडे समजूत. मुलीची मैत्रीण झबली घेऊन आली, तर मी ती पिशवी दारातूनच परत पाठवली. वाईट वाटलं असेल तिला. वाटू दे.

बाळ बोरीवलीला आमच्या घरी आलं आणि मगच मी मशीनवरचं कापड काढलं. गोधड्या मी आयुष्यभर शिवत आलेय, पण त्या आपल्या साध्या, जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याच्या. या वेळी मला मोबाईलवर पाहिलेली ‘ड्रेस्डेन प्लेट’ करायची होती. म्हणजे ताटाएवढं एक फूल. लांबट पाकळ्या, खाली निमुळत्या, वर टोकदार, आणि मधलं भोक झाकायला गोल चकती. त्यातही एक चौकड्यांचा प्रकार असतो, माझं मन त्यावरच बसलं. फिकट आणि गडद अशा पट्ट्या आधी एकमेकींना जोडून घ्यायच्या, मग त्यावर पुठ्ठ्याचा साचा ठेवून पाकळ्या कापायच्या. एका पाकळीला फिकट रंग वर, शेजारचीला गडद वर. अशा आलटून पालटून जोडल्या की फुलात गोल फिरणारा बुद्धिबळाचा पट दिसायला लागतो. फिकटाला माझ्या सासूबाईंचं अबोली लुगडं होतं आणि गडदाला मुलीचा कॉलेजातला निळा ड्रेस. दोन्ही धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले.

दिसायला सोपं, पण पाकळी सूतभर जरी चुकली तरी शेवटी ताट सपाट बसत नाही, पुरीसारखं फुगतं. माझं फुगलं. उसवलं, परत शिवलं, परत फुगलं. त्यात माझं अर्धं लक्ष आतल्या खोलीत. दोन पाकळ्या जोडल्या की मशीन थांबवून मी आत जायची आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला ऊब लागली की परत येऊन पुढची पाकळी. एकदा मुलीने डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाली, “आई, तू तिला झोपू देणारेस का मारणारेस?” मी म्हटलं, “असलं अभद्र बोलू नकोस गं!” आणि बाहेर येऊन परत मशीनवर बसले. पेटी गेली होती, पण माझ्या डोळ्यांसमोरून ती हलत नव्हती.

विहीणबाई मुलुंडच्या. बाई मनाच्या वाईट नाहीत, पण तोंडाला फडकं बांधलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांनी गोधडी पाहिली आणि म्हणाल्या, “कशाला डोळे फोडताय एवढे? बाजारात काय झकास ब्लँकेटं मिळतात हल्ली. लुगड्यात गुंडाळायचा जमाना गेला हो.” मी हसून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर नवऱ्यापुढे मात्र मनसोक्त बोलून घेतलं.

आता रीत सांगते, कारण घोळ तिथेच झाला. माझ्या सासरी बाळाची गोधडी एकटीने पुरी करत नाहीत. शेवटचा भाग बारशापर्यंत अर्धा ठेवायचा आणि जमलेल्या बायकांनी त्यावर एकेक टाका घालायचा, आशीर्वाद म्हणून. मी मधली गोल चकती तेवढी ठेवली होती, नुसती टाचून. बायकांसाठी सुयांत आधीच दोरे ओवून त्या साबणाच्या नव्या वडीत टोचून ठेवल्या. साबण लागलेली सुई कापडातून सरसर जाते, म्हणून माझी ही जुनी सवय.

बारसं दणक्यात झालं. हॉलमधलं फर्निचर बाजूला सारून सतरंजी घातली, बायका भोवती बसल्या. शेजारणी, माझी नणंद, विहीणबाई, त्यांची मुलगी. प्रत्येकीने टाका घातला. कुणाचा वाकडा, कुणाचा हातभर लांब, सगळ्या हसत होत्या. गोधडी पाळण्यात घातली, तिच्यावर बाळ. मग “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” करत बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं, आत्याने कानात कुर्रर्र केलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. बाळ किंचाळून रडायला लागलं. “आत्याला घाबरली गं!” म्हणून परत हसू. घुगऱ्यांच्या वाट्या फिरायला लागल्या.

मी हसतच पसारा आवरायला वाकले. साबणाची वडी उचलली आणि पाहिलं तर एक भोक रिकामं होतं.

सतरंजीवर पाहिलं, नाही. माझ्या पदरावर, नाही. बाळ अजून रडत होतं, आणि ते रडणं आता मला भलतंच ऐकू यायला लागलं. मी ओरडले, “सुई कुणाकडे राहिलीय?” बायका पदर चाचपायला लागल्या. “मी तर ठेवली बाई.” “मी गोधडीलाच टोचली होती, मग हिने घेतली ना?” “मी कुठे घेतली?” मुलीने झडप घालून बाळाला पाळण्यातून उचललं. मी झबलं काढलं, लंगोट काढला. पाठ पाहिली, पोट पाहिलं, बगला पाहिल्या. आणि मांडीच्या मागे, वळीच्या जवळ, एक लाल ठिपका होता.

“सुई एकदा शिरेत शिरली की थेट काळजाकडे जाते हो,” शेजारची एक म्हणाली. अशा वेळी कुणी असं बोलतं का? त्या बाईला मी अजून हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही. मुलगी मटकन खाली बसली. नुसती बाळाला छातीशी दाबत होती, आणि मी ओरडत होते, “दाबू नकोस, अगं दाबू नकोस, सुई आत जाईल!”

नवऱ्याने फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि गोधडीवरून फिरवलं. काही लागलं नाही. पण त्या चिमुकल्या चुंबकावर भरवसा कोण ठेवणार? गोधडीला तीन थर, मध्ये कुठेही असू शकते. मी कात्री घेतली. आधी चकती कापली, बायकांचे सगळे टाके तटातट तोडले, मग पाकळ्यांमागून कात्री घातली आणि ताटच्या ताट उभं चिरलं. अबोली निळे तुकडे सतरंजीभर झाले. प्रत्येक तुकडा मी बोटांनी चुरगाळून पाहिला. टोचावी, टोचावी, माझ्या बोटात जावी, एवढंच मागत होते. गोधडीत नव्हती. गाद्या झटकल्या, केरसुणी फिरवली, पाळण्याची कापडं उसकटली. तिथेही नव्हती. आता ती असायला एकच जागा उरली होती, आणि ते कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, ताबडतोब एक्स-रे काढा. केंद्र दोन गल्ल्या सोडूनच होतं. जावई मुलीला आणि बाळाला घेऊन पुढच्या रिक्षात, मी आणि विहीणबाई मागच्या. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, “सांगत होते मी ब्लँकेटाचं.” एरवी मी ऐकून घेणारी नाही, पण तेव्हा त्यांनी मला कानाखाली मारली असती तरी मी दुसरा गाल दिला असता. मनात नुसतं चाललं होतं की देवा, मला ने, माझं सगळं झालंय करून, तिला पेटीतून वाचवलीस ती यासाठी का?

तिथे चपला दाराबाहेर काढायच्या होत्या. मुलगी आणि जावई बाळाला घेऊन आत गेले, जाड दार बंद झालं. बाकावर मी. विहीणबाई बसेनात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होत्या, ओठ पुटपुटत होते, रामरक्षा असावी. आतून बाळाचं रडणं यायचं आणि मध्येच थांबायचं. थांबलं की मला वाटायचं, संपलं. तोंडात पदर कोंबून बसले होते मी. एवढी भीती मला पेटीच्या दिवसांतही वाटली नव्हती, कारण तेव्हा निदान डॉक्टर होते, यंत्रं होती. हे तर आम्ही घरात, हसत हसत, आशीर्वाद देता देता केलं होतं.

दार उघडलं. जावई बाहेर आला, घामाने भिजलेला. म्हणाला, “नाहीये. कुठेच नाहीये. डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढला. तो ठिपका डासाचा आहे म्हणतात.”

मी हात जोडले. मान खाली गेली, आणि तेव्हा समोरची पांढरी फरशी दिसली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक पाऊल सोडून एक, लाल ठिपके. आधी वाटलं कुणाचं कुंकू सांडलं असेल. मग पाहिलं, ठिपके विहीणबाईंच्या मागोमाग चालले होते.

“अहो, थांबा! पाय वर करा!” मी ओरडले. त्यांना कळेचना काय झालं. जावयाने त्यांना बाकावर बसवलं, मी खाली फरशीवर बसून त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. टाचेच्या जाड कातडीत सुई रुतली होती, पार नेढ्यापर्यंत. बाहेर फक्त दोऱ्याचा अबोली शेंडा, रक्ताने चिकटलेला. मधुमेहाने त्यांचे तळवे किती वर्षं बधिर झालेले. बारशात अनवाणी फिरताना सतरंजीवर सांडलेल्या सुईवर पाय पडला असणार. त्यानंतर त्या पाळण्याभोवती फिरल्या, जिना उतरल्या, चपला घालून रिक्षात चढल्या, इथे येरझाऱ्या घातल्या. सगळा वेळ सुईवर चालत होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

मला रडू फुटलं. त्यांचा पाय तसाच धरून मी म्हणत राहिले, “माफ करा, माझ्यामुळे झालं, माफ करा.” त्या ओशाळल्या, पाय ओढून घ्यायला लागल्या. “अहो सोडा, लोक बघतायत. लग्नात धुतलेत की तुम्ही पाय, आता परत कशाला?”

आतून मुलगी बाळाला घेऊन आली. बाळ दमून झोपलं होतं, तोंड अर्धं उघडं. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या टाचेकडे पाहिलं, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा पाय होता.

“देवाने केलं ते बरंच केलं,” त्या म्हणाल्या. “मला कुठे काय कळलं? तिला कळलं असतं हो.”