नाल्यापार जाणारी खुर्ची

त्या दिवशी मृगाचं आभाळ भरून आलं होतं, पण थेंब पडला नाही. नुसता वारा सुटला. धूळ, पऱ्हाटीचा पाला, कुणाचं वाळत घातलेलं धोतर, जे हाती लागेल ते घेऊन वारा गावातून गेला आणि जाताजाता शाळेवरची टिनंही घेऊन गेला. एक टीन नाल्यात सापडलं. बाकीची कुठं गेली ते गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारी आभाळ निवळलं, ऊन पडलं, वारा तेवढा राहिला, आणि त्या उघड्या शाळेसमोर आमच्या गावाची ती सभा भरली.

सभेकडे मी येतोच, पण सावकाश येऊ द्या. किश्शांचं म्हणजे घरामागं रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगासारखं असतं. चुलीसाठी एक काडी ओढायला जावं, तर चार तिच्यात गुंतून येतात. मी ग्रामपंचायतीचा शिपाई होतो. बसायला पायरी होती आणि ऐकायला दोन कान, त्यामुळे माझ्याकडे ढीग मोठा. शाळेत मी गेलो तो झाडू घेऊनच, म्हणून सन-तारखा मला विचारू नका. दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हाचं हे. वाशिम जिल्हा अजून झाला नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. पुढं जिल्हाही वेगळा झाला म्हणा. वेगळं व्हायची हौस आमच्या मुलखाला जुनीच.

* * *

गावं दोन. त्यांची नावं सांगत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. आमचं लहान गाव नाल्याच्या अल्याड, मोठं गाव पल्याड. आम्ही एकमेकांना तसंच म्हणतो. सरकारनं दोघांची मिळून एक गट ग्रामपंचायत केली. वरून सांगणं असं, की मिळून राहाल तर रस्ता, दिवा, पाणी सगळं होईल, एकट्या लहान गावाला ते परवडायचं नाही.

पहिल्याच सभेत वाद निघाला, की ऑफिस कोणत्या गावात? पल्याडचे म्हणाले, आम्ही मोठे. अल्याडचे म्हणाले, म्हणूनच तुमच्याकडं नको. शेवटी तोड निघाली, एक महिना अल्याड आणि एक महिना पल्याड. पण खुर्ची एकच, टेबल एक आणि कपाटही एकच. मग दर महिन्याला ते सगळं माझ्या बैलगाडीत घालायचं आणि नाला ओलांडायचा. पावसाळ्यात कपाट भिजू नये म्हणून त्याच्यावर माझी घोंगडी, आणि मी उघडा.

एकदा मी अनसिंगच्या बाजाराला निघालो. गाडी रिकामी. नाल्याशी आल्यावर माझा मोऱ्या बैल आपसूक वळला, जोडीदाराला ओढत पल्याड गेला आणि नेमका ऑफिसच्या दारात उभा राहिला. समोरचा चहावाला म्हणाला, "काय पुंजाजी, आज टेबल नाही आणलं?"

"बाजारले चाललो बाप्पा."

"मंग हे बैलाले सांग ना."

दोन गावांनी एकत्र यावं म्हणून सरकारनं एवढं केलं, पण एकत्र यायची सवय लागली ती एकट्या मोऱ्याला.

* * *

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतो, ते पाण्याचं.

आमची बौद्ध वस्ती अल्याडच्या गावाला लागून, नाल्याच्या काठावर. वस्तीला विहीर नव्हती. माझ्या शेजारी कौसाबाई राहायची, तिची न् माझी भिंत एक. नवरा लवकर गेला, दोन लेकरं, रोजमजुरी. गावातल्या विहिरीवर आमच्या बायांनी बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो शेंदून वरून ओतायचा. कौसाबाईला ते सोसत नसे. ती नाला उतरून पल्याडच्या मळ्यातल्या विहिरीवरून घागर आणायची. उन्हाळ्यात दोन खेपांत अर्धा दिवस जायचा.

गट ग्रामपंचायत झाली आणि दोन्ही गावांच्या नावानं वस्तीसाठी विहीर मंजूर झाली. खोदायला सुरुवात झाली. पुरुषभर खड्डा झाला असेल, इतक्यात निवडणूक आली.

आमच्या गावचे महादेवराव पाटील खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले. हात वर करून म्हणाले, "थांबा. पयले वेगळे होऊ, मंग आपल्या हिमतीनं खोदू. पल्याडच्यायचे उपकार कायले घेता?"

कौसाबाई मातीच्या टोपल्या टाकत होती. म्हणाली, "पाटील, उपकाराचं पाणी कडू लागते का?"

"तसं नाही बाई. आपलं गाव, आपला कारभार."

"आपलं मंजे कोनाचं?"

पाटील हसले. खोदणं मात्र थांबलं.

* * *

त्या निवडणुकीत अल्याडकडून तिघं उभे होते. पहिल्याचं म्हणणं, पल्याडच्यांच्या जोखडातून गाव सोडवतो. दुसऱ्याचं म्हणणं, तो काय सोडवतो, मी सोडवतो. तिसरे महादेवराव, त्यांनी आधीच्या दोघांना पल्याडचे हस्तक ठरवलं. मिळून राहू म्हणणारा एकही नव्हता. खाजगीत पुष्कळ होते. रात्री पल्याडच्या सोयऱ्याकडे जेवून यायचे आणि सकाळी पारावर पल्याडला शिव्या द्यायचे.

गुणवंत गुरुजी आमच्या वस्तीतले, गावच्या शाळेचे मास्तर, वस्तीतले पहिले पगारदार. ते महादेवरावांना नम्रपणे म्हणाले, "पाटील, तिघंही एकच बोलता, मंग मत द्यायचं कशावरून?"

पाटील म्हणाले, "कोण जास्त जोरानं बोलते, ते पाहा."

गावानं पाहिलं. महादेवराव निवडून आले.

* * *

पल्याडचे मेंबर जास्त होते, पण त्यांच्यात दोन गट, दोघांचं एकमेकांशी पटेना. त्या भांडणात सरपंचपद अलगद महादेवरावांच्या मांडीवर येऊन पडलं. म्हणजे गट ग्रामपंचायत मोडायला निघालेला माणूस त्याच गट ग्रामपंचायतीचा सरपंच झाला.

पहिल्या सभेला अल्याडची माणसं खिडकीशी गर्दी करून उभी. पाटील आज मोडतात म्हणून. पाटील आले, खुर्चीकडं जरा वेळ पाहत राहिले, मग बसले. हातांची खुर्ची ती, तिच्यात माणूस बसला की आपोआप मागं टेकतो. पाटील टेकले आणि म्हणाले, "मोडायचं त हायेच. पन आतून कुठं कुठं जोड हाय, ते पयले पाहू द्या."

दुसऱ्या सभेत म्हणाले, वेगळं व्हायचा विषय पुढच्या सभेत. पुढच्या सभेत म्हणाले, पुढच्या सभेत. दर महिन्याला मी खुर्ची नाल्यापार नेत होतो, आणि तो विषयही तिच्याबरोबर जात-येत होता.

मग पाटलांनी किसन शिंप्याला खुर्चीसाठी गादी शिवायला सांगितली. किसननं माप घेता घेता विचारलं, "पाटील, लहान शिवू का मोठी? वेगळे झालो त खुर्ची लहानच भेटन आपल्याले."

पाटील म्हणाले, "मोठीच शिव."

* * *

त्याच सुमाराला गुरुजींनी शिंप्याच्या ओट्यावर पेपर वाचून दाखवला. विलायतेत मतदान होतं. तिथल्या सरकारनं शेजारच्या देशांबरोबर एक मोठी गटपंचायत केली होती म्हणे, आणि आता लोकांनाच विचारत होते, की तिच्यात राहायचं की निघायचं?

मग किसन म्हणाला, "विलायतेतही नाला हाय का मधात?"

"समुद्र आहे," गुरुजी म्हणाले.

"मंग त्याईचं टेबल कशात नेतेत? बोटीत?"

गुरुजींनी पुढं वाचलं. तिकडं एकाच सरकारातले काही मंत्री राहू म्हणतात, काही निघू म्हणतात. निघू म्हणणाऱ्यांना भीती अशी, की बाहेरचे लोक येऊन आपल्यावर हुकूम चालवतील.

ओट्याच्या कोपऱ्यात एक म्हातारबुवा विडी ओढत बसले होते, इंग्रजांच्या राज्यात वेठबिगारी केलेले. त्यांनी विडी बाजूला धरली. "कोनाले भेव लागते म्हनता?"

"इंग्रजाले."

"बाहेरच्यायनं येऊन हुकूम चालवायचं?"

"हो."

म्हातारबुवा बराच वेळ हसले, मग त्यांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

महादेवराव मात्र हसले नाहीत. त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं, "तिथं निंगायचं ठरलं, त त्याईच्या सरपंचाचं काय होते?"

काही दिवसांनी पेपरात आलं, विलायतेनं राहायचं ठरवलं. पाटलांनी ते दोनदा वाचून घेतलं.

* * *

आता ती सभा.

पाटील ज्या घोषणेवर निवडून आले, ती घोषणा गावाच्या तोंडी बसली होती आणि गाव ती सोडेना. पल्याडचेही कंटाळले होते. शेवटी वाशिमहून साहेब आले. म्हणाले, अल्याडच्या लोकांनी हात वर करून एकदाचं सांगावं, वेगळं व्हायचं की राहायचं. जास्त हात जिकडं, तिकडं ठराव.

सभेच्या दिवशी पाटलांनी नेमकं आमच्या वस्तीतल्या सगळ्यांना वखरणीला लावलं होतं, स्वतःच्याच वावरात. एरवी मजुरीसाठी दारात उभं करणारे पाटील आदल्या दिवशी घरोघर सांगून गेले. गुरुजी टिनांमागं नाल्यात उतरलेले. सभेत वस्तीतला मी एकटा, आणि मी साहेबांवर छत्री धरून उभा. वारा असा की दोन्ही हातांनी धरावी लागे.

साहेबांनी आधीच स्पष्ट सांगितलं. "वेगळे झालात तर मिळून मंजूर झालेली कामं रद्द होतात. ती वस्तीची विहीर आहे ना, ती बुजवून टाकावी लागेल. आणि नव्या ग्रामपंचायतीची निवडणूक नव्यानं, सरपंच नव्यानं."

विहिरीचं ऐकून कुणी हललं नाही. सरपंचाचं ऐकून पाटील हलले.

"तर वेगळं व्हायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सगळं गाव पाटलांकडं पाहू लागलं. पाटलांचा हात उठला. खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला, आणि तिथं जरा घुटमळला. मग त्या हातानं पाटलांनी टोपी सारखी केली आणि हात खाली घेतला.

गावाला कळेना. मागच्या माणसांचे हात अर्धे वर आलेले. आता त्यांचं काय करावं? त्यांनीही टोप्या सारख्या केल्या. ज्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती त्यांनी डोकं खाजवलं. ग्रामसेवक पेन्सिल घेऊन मोजायला उठला होता, तो बसला.

साहेबांनी टिपलं, शून्य. मग विचारलं, "मिळून राहायचं म्हणणारे?"

आता तर कुणी टोपीलाही हात लावेना. मिळून राहू, हे चारचौघांत कोण म्हणणार? वर्षभर ज्याच्यावर थुंकलो ते गिळायचं कसं? मी छत्री एका हातात घेऊ पाहत होतो, पण वारा सोडत नव्हता.

तेवढ्यात नाल्याकडून कौसाबाई आली. वखरणीवरच्या माणसांसाठी पाण्याची खेप घेऊन निघालेली, कमरेवर घागर. माणसं पाहून थांबली. साहेबांनी पुन्हा विचारलं, ते तिनं ऐकलं आणि मोकळा हात वर केला.

साहेब तिच्याकडं पाहत राहिले. "एकच मत?"

कौसाबाई म्हणाली, "बाकीच्यायचे हात टोपीत अडकले, साहेब."

एका मताविरुद्ध शून्य, असं आमचं गाव गट ग्रामपंचायतीत राहिलं.

निघताना साहेबांना तहान लागली. जवळ घागर कौसाबाईचीच. पाटील म्हणाले, थांबा, घरून आणवतो. साहेबांनी ऐकलं नाही. ओंजळ पुढं केली, तिनं ओतलं, ते प्याले. तोंड पुसत विचारलं, "गोड आहे. कुठलं पाणी?"

"पल्याडचं. आमचं अजून वेगळं व्हायचं हाय."

साहेब जीपमध्ये बसण्याआधी खड्ड्याशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी खोदणं सुरू झालं.

* * *

पाणी चांगलं लागलं. मधे आणीबाणी आली आणि गेली. टेबल नाल्यापार जात-येत राहिलं. मोऱ्या म्हातारा झाला.

पुन्हा निवडणूक लागली. महादेवराव पुन्हा उभे, घोषणा तीच. पहिला नारळ त्यांनी आमच्या विहिरीवर येऊन फोडला. म्हणाले, ही विहीर मी करून दिली. पल्याडचे दुपारी आले, त्यांनीही फोडला आणि तेच म्हणाले. संध्याकाळी किसन शिंपी गेरू घेऊन आला आणि विहिरीच्या कठड्यावर लिहून गेला. गुरुजींनी मला वाचून दाखवलं, 'आपलं गाव, आपला कारभार'. वाचून ते शाळेकडं निघाले. शाळा तशीच उघडी होती, पोरं चिंचेखाली बसायची.

कौसाबाई त्याच कठड्यावर पाय रोवून पाणी शेंदत होती. कुणी वरून ओतायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "कौसाबाई, पाटलानं पुन्हा वेगळं व्हायचं काढलं. आता कसं?"

तिनं बादली काठावर टेकवली, घागरीत ओतली, आणि दोर पुन्हा खाली सोडला.

"काढू द्या ना, पुंजाभाऊ. मागच्या खेपेले वेगळं होता होता विहीर झाली. शाळेच्या टिना अजून राह्यल्याच हायेत."