अकरा मतपत्रिकांवरचं श्री

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मामीला विचारलंत, ती निवडणूक हरली कशी. "मतं कमी पडली रे," एवढं म्हणून ती कुकर बघायला उठली. मी, तुमची आजी, शेजारीच बसले होते. तिचं उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. माझ्यासाठी ती ते अर्धं ठेवते. आता ते मला जड व्हायला लागलं आहे, म्हणून लिहिते. कुठे अडलं तर आईकडून वाचून घ्या.

खरं तर ती निवडणुकीच्या आधीची पायरी होती. काउंटी कौन्सिलसाठी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या सभेसाठी, पक्षाने कुणाला उभं करायचं, हे इथे आयर्लंडमध्ये पक्षाचे स्थानिक सभासद मतं देऊन ठरवतात. आमच्या मलिंगार गावात जागा एक आणि इच्छुक दोघं. एक गृहस्थ, ज्यांचे वडीलही कौन्सिलर होते, आणि दुसरी तुमची मामी. चार हिवाळे तिने ऑफिसनंतर दारोदार पत्रकं वाटली होती, आमच्या वसाहतीला फुटपाथ हवा म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. तिला ही उमेदवारी हवी होती. इतकी हवी असलेली दुसरी गोष्ट मी तिच्याकडे पाहिली नाही.

मामी सोडून आम्ही मराठी सभासद अकरा. त्यांची तयारी माझ्याकडे होती, कारण आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि नियम तीनदा वाचले होते. जेवणाच्या टेबलावर नमुना मतपत्रिका ठेवून मी सगळ्यांना सांगितलं, "सही नको, नाव नको, काही लिहायचं नाही. फक्त पसंतीचा आकडा."

नागपूरचे एक काका इथे मुलीकडे राहतात. ते म्हणाले, "वहिनी, कागद हाती आला का आधी श्री तं टाकाच लागते नं जी?"

"बाबा, परीक्षा नाहीये ही," त्यांची मुलगी हसली.

"तुले काय समजते? परीक्षेहून मोठं आहे हे."

तिथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण श्रीला मी लिखाण समजतच नव्हते. कागदाला समास असतो तसं ते मला वाटायचं. उत्तरपत्रिका असो की किराणा मालाची यादी, श्री घातल्याशिवाय मी कधी सुरुवात केलेली नाही. "घाला की, वर मध्यभागी, लहानसं," मी म्हणाले आणि नमुन्यावर काढून दाखवलं.

मतदान रविवारी दुपारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. मोजणी सुरू असताना अध्यक्षांनी काही मतपत्रिका बाजूला काढल्या आणि एक वर धरली. "यादीत नसलेल्या कुणाचं नाव लिहिलंय का हे?"

"सगळ्यांनी एकाच माणसाचं लिहिलंय," त्या गृहस्थांचा चुलतभाऊ म्हणाला. "एवढा लोकप्रिय आहे, तर आम्हालाही भेटवा की त्याला." हॉलभर हशा झाला.

मामीने टेबलाजवळ जाऊन मतपत्रिका मोजल्या. अकरा होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे उमेदवाराचं नाव नाही," ती म्हणाली. "काम सुरू करताना आम्ही देवाचं नाव लिहितो."

"म्हणजे लिखाणच?" अध्यक्षांनी विचारलं.

नुसत्या रेघा आहेत म्हणाली असती, तर कदाचित चाललं असतं. ती म्हणाली, "हो, लिखाणच."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. त्याने नियम मोठ्याने वाचला, मग पुन्हा एकदा वाचला आणि अकराही मतपत्रिका बाद केल्या. मामी सात मतांनी हरली.

परत निघताना तिने गाडीची काच पुसली. मग म्हणाली, "आई, तुम्ही पण लिहिलंत?"

"सगळ्यांच्या आधी मीच. त्यांनाही मीच सांगितलं."

"चला, एका तरी पत्रिकेवर अक्षर चांगलं होतं."

आम्हा दोघींनाही हसू आलं नाही. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "घरी विचारलं तर मतं कमी पडली म्हणू. उगाच तुमचं नाव नको." आणि आजपर्यंत ती तेच सांगत आली.

दुसऱ्या दिवशी काका आले. "चूक माही आहे, वहिनी," म्हणाले. मी त्यांना सांगितलं की नियम त्यांनी नाही, मी वाचले होते. ते चहा न घेताच गेले.

पुढे ते गृहस्थ निवडून आले. फुटपाथ अजून झालेला नाही. मामी पुन्हा उभी राहणार का, हे तिने सांगितलेलं नाही आणि विचारायचा धीर मला होत नाही. हिवाळा आला की पत्रकं वाटायला ती अजून जाते, फक्त लवकर परतते आणि सोफ्यावर नुसती बसून राहते. आमच्यातली दोघं नोकरीमुळे डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला गेली, एकाने नाव काढून घेतलं. बाकी आम्ही आठजण, काकांसकट, आणि मामी अजून सभासद आहोत.