कमळाखालची शिळा

सभामंडपाच्या मधोमध जात्याच्या पाळूसारखी गोल, वीतभर उंच काळी शिळा, आणि तिच्यावर आईचं हिरवं लुगडं नेसून उभे असलेले माझे बाबा... डोळे मिटले की आजही मला आधी हेच दिसतं.

आमचं गाव वसमतच्या अलीकडे. शिवरात्रीच्या सुमारास शिवारभर हळद शिजत असे. तिचा उग्र, मातकट वास महादेवाच्या दगडी देवळात शिरून ओल्या बेलाच्या आणि समईतल्या तेलाच्या वासात मिसळून जाई. चार नक्षीदार खांब, त्यांच्यावर थराथरानं आत सरकत गेलेलं छत, छताच्या पोटात कोरलेलं कमळ आणि कमळाच्या अगदी खाली ती रंगशिळा. देऊळ बांधणाऱ्यानं देवासमोरची पहिली जागा नाचणाऱ्या-गाणाऱ्यासाठी राखली, याचा मला भारी अभिमान वाटे, अजूनही वाटतो. भोवतालच्या कट्ट्यांवर गाव दाटीनं बसे, आणि एरवी मेंढरांमागं मुकाट हिंडणारे बाबा शिळेवर चढले की भारुडातली तोंडाळ सासुरवाशीण होत.

शिळेची एक रीत होती – तिच्यावर पाय असेतो माणसाला नावानं वा नात्यानं हाक मारायची नाही. कुणी मारलीच, तर शिळेवरच्यानं ओ द्यायची नाही. मला कुठलं हे कळायला! लहानपणी एकदा मी कट्ट्यावरून "बाबा!" म्हणून ओरडले. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी भोकाड पसरलं. सोंग संपवून ते खाली उतरले, मला कडेवर घेतलं. घामाचा, लोकरीचा तोच ओळखीचा वास आला.

"शिळेवर मी कोनाचाच न्हाई, लेकरा," ते म्हणाले. "खाली उतरलो की तुहाच."

मी कॉलेजात असताना देवळात चकचकीत फरशी आली. शिळेला ठेचा लागतात म्हणून मंडळींनी तिच्या उंचीपर्यंत भर घातली आणि सगळीकडे पांढरी फरशी अंथरली. शिळा दिसेनाशी झाली. शिवरात्रीला बाबा लुगडं मांडीवर घेऊन पायरीवर अडून बसले.

"कुठंबी उभं ऱ्हाय की," पुजारीकाका म्हणाले.

"चढू कशावर? अन् उतरू कुठून?" बाबांनी विचारलं. आज हे उठले नाहीत तर पुन्हा कधीच उभे राहणार नाहीत, हे मला दिसत होतं. संताप आला मला. रांगोळीचा डबा घेऊन मी तडक आत गेले, मान वर करून कमळाचा मध्य धरला आणि त्याच्या खाली फरशीवर गोल रेघ ओढली.

"बाबा, कमळ जागचं हललं न्हाई. त्याच्या बराबर खाली हाय शिळा. या."

ते उठून आत आले, वर कमळाकडे पाहत राहिले... मग लुगडं नेसले, रेघेला हात लावून नमस्कार केला आणि आत पाऊल टाकलं. सोंग रंगात आल्यावर मी मुद्दाम हाक मारली – "बाबा!" त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सोंगं थांबली, शिवरात्रीला स्पीकर वाजतो. मी मात्र दरवर्षी जाते, कमळाखाली रांगोळीची रेघ ओढते आणि रेघेबाहेर उभी राहून हळूच हाक मारते. ओ येत नाही... बाबा शिळेवर आहेत.